सोयी आजच्या, माणसं उद्याची: वाढत्या उपनगरातल्या घराचा एक निर्णय

पार्श्वभूमी

कुटुंब पाच जणांचं. पती-पत्नी चाळिशीच्या आसपास, दोघंही नोकरी करणारे. मुलगी 10 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. पतीची आई 71 वर्षांच्या, हृदयात स्टेंट बसवलेला. त्यांना इथे आजी म्हणू. नऊ वर्षं सगळे शहराच्या मध्यभागी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. मुलगा मोठा होऊ लागला तशी जागा पुरेना. मुलीचा अभ्यास स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला व्हायचा, आणि रात्री जेवण आटोपल्याशिवाय आजींचं अंथरूण घालता येत नसे. त्यातच घरमालकाने भाडं वाढवायचं ठरवलं.

शहराच्या केंद्रापासून 32 किलोमीटरवर एक उपनगर झपाट्याने वाढत होतं. त्याचे सरळ दोन भाग पडतात. स्टेशनला लागून जुनी वस्ती आहे, पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींची. तिच्यापुढे साडेपाच किलोमीटरवर, पूर्वीच्या शेतजमिनीवर आणि वीटभट्ट्यांच्या जागेवर नवा भाग उभा राहत होता. जाहिराती नव्या भागाच्या होत्या आणि त्यांचा दावा सोपा होता: भाड्याएवढ्या हप्त्यात स्वतःचं घर, तेही आताच्या घराच्या 1.6 पट मोठं.

पुढच्या हिशेबात कुटुंबाचं दरमहा हातात येणारं उत्पन्न 100 धरलं आहे आणि सगळे आकडे त्याचे भाग म्हणून दिले आहेत. असा हिशेब कुणालाही आपल्या उत्पन्नावर बसवून बघता येतो, आणि मोठ्या रकमांनी डोळे दिपण्याचा धोकाही टळतो.

प्रश्न नेमका कुठे होता

वरवर पाहता जाहिरात खोटी नव्हती. जुन्या घराचं भाडं 27, नव्या घराचा हप्ता 29. तेवढंच मोठं घर शहरात घ्यायचं तर हप्ता 58 झाला असता, म्हणजे तो विषयच संपला. दोन भागांच्या फरकाने घर स्वतःचं होत असेल तर नाही कोण म्हणेल?

पण हप्त्याची तुलना भाड्याशी होत नाही. भाड्यात जे आपोआप येतं ते हप्त्याच्या बाहेर उभं असतं. कागदावर मांडल्यावर नव्या भागातल्या घराचा खर्च असा निघाला: हप्ता 29, इमारतीची देखभाल 4, टँकर आणि जनरेटरची वर्गणी 2, कर आणि विमा 1, दोघांचा प्रवास 14. एकूण 50. जुन्या घरात भाडं 27 आणि प्रवास 6, म्हणजे 33. फरक 2 चा नसून 17 चा होता. घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असावेत, हा शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने रूढ केलेला निकष. तो दगडावरची रेघ नाही, पण दोन मुलांचं शिक्षण आणि एका हृदयरुग्णाची औषधं ज्या घरात आहेत, तिथे 50 म्हणजे एक आजारपण आलं की हप्ता चुकणार.

दुसरी अडचण घाईची होती. विक्री प्रतिनिधीने सांगितलं की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दर 3 टक्क्यांनी वाढणार. या वाक्याने बहुतेक लोक टोकन देऊन मोकळे होतात. इथे पत्नीने कागद पुढे ओढला आणि उलटा हिशेब केला. थांबल्याचं नुकसान फार तर किमतीच्या 3 टक्के. घेऊन दोन वर्षांत विकावं लागलं तर नोंदणी, दलाली, फर्निचर आणि सामान हलवणं यांत साधारण 12 टक्के पाण्यात. शिवाय 9 टक्के व्याजाने 20 वर्षांचं कर्ज असेल तर पहिल्या पाच वर्षांत मुद्दलातले जेमतेम 11 टक्के फिटतात, म्हणजे विकताना हातात फारसं काही उरत नाही. आणि विकायला निघालात की स्पर्धा शेजाऱ्याशी नसते, शेजारच्या प्लॉटवर नवी कोरी घरं विकणाऱ्या बिल्डरशी असते. त्या रात्री टोकन न देण्याचा निर्णय झाला. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच.

तपासणी: काय मोजलं आणि कसं

प्रवास. पहिली भेट रविवारी सकाळी 11 वाजता, विक्री कार्यालयाच्या गाडीतून झाली होती. वेळ लागला 38 मिनिटं. मग पतीने वेगवेगळ्या आठवड्यांत सहा कामाच्या दिवशी पहाटे तिथे जाऊन, सकाळी 7.40 ला नव्या इमारतीच्या फाटकातून निघून कार्यालयाच्या दारापर्यंतचा वेळ घेतला. मिनिटं अशी: 78, 82, 85, 81, 118, 84. सरासरी 88. पण त्यांची पाळी ठरावीक वेळेला सुरू होते, उशिराची हजेरी कापली जाते. अशा माणसाने सरासरी धरून चालत नाही, सर्वांत वाईट दिवस धरावा लागतो. म्हणजे रोज दोन तास हाताशी ठेवून निघायचं. आधीचा प्रवास 35 मिनिटांचा होता. नुसती सरासरी धरली तरी एका वेळी 53 मिनिटं जास्त, महिन्याच्या 22 दिवसांत जवळपास 39 तास: कामाचा एक अख्खा आठवडा गाडीच्या काचेमागे.

माणसं हे सोसतात कारण मोठं घर त्याची भरपाई करील असं वाटतं. आलोइस श्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून नेमकं हेच तपासलं होतं. लांबचा प्रवास करणारे सरासरीने आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले; स्वस्त घराने किंवा जास्त पगाराने ती तूट भरून निघाल्याचं दिसलं नाही.

मग प्रश्न आला, होऊ घातलेल्या उड्डाणपुलाचा. पूल झाला की 40 मिनिटांत पोहोचाल, असं सांगितलं जात होतं. गर्दीच्या वेळचा रस्ता रुंद केला की तो पुन्हा भरतो, हे अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच मांडलं होतं. 2011 मध्ये जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की महामार्गाच्या मार्गिका जितक्या वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते. ज्या उपनगरात दरवर्षी नव्या इमारती भरत आहेत तिथे तर पूल भरायला वेळही लागत नाही.

पाणी. इथे थोडं थांबायला हवं, कारण नव्या इमारतींबाबत सर्वांत मोठी फसगत इथे होते, आणि तीही कुणी फसवत नसताना.

पत्नीने दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन नमुना इमारतीत नळ सोडून पाहिला. तळमजल्यावर बादली 50 सेकंदांत भरली, सातव्या मजल्यावर 55 सेकंदांत. दाब उत्तम. राहणाऱ्यांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: पाण्याचा त्रास नाही. तरीही तिने पंप चालवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारले. मुख्य मीटर रोज किती दाखवतो? आणि किती घरांत लोक राहायला आलेत? मीटर दिवसाला साधारण 16,000 लिटर दाखवत होता. घरं 64, त्यांतली भरलेली 40.

घरटी चार माणसं धरली तर 160 माणसांना 16,000 लिटर, माणशी 100. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज 50 ते 100 लिटर पाणी मूलभूत गरजांसाठी धरते, म्हणजे आज आकडा वरच्या टोकाला आहे. सगळी 64 घरं भरली की 256 माणसं, माणशी 62 लिटर, आणि नळजोडणी तीच. शेजारी आणखी तीन इमारती त्याच जलवाहिनीवर येणार होत्या. मग उरतो टँकर. टँकरच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला साधं पेनाएवढं मीटर मिळतं. त्याने लिटरला 1,140 मिलिग्रॅम दाखवले. 600 च्या आतलं पाणी चवीला चांगलं मानतात, 1,000 च्या पुढे ते जिभेला नकोसं होऊ लागतं, आणि गीझरमध्ये पांढरा थर धरतो.

या बादलीपाशी कुटुंबाच्या विचाराची दिशा पालटली. जाहिरात उद्याच्या सोयी आणि आजची माणसं दाखवते. हिशेब उलटा करायचा असतो: सोयी आज जेवढ्या आहेत तेवढ्याच धरायच्या, माणसं मात्र उद्याची धरायची. दोन लिफ्ट 40 घरांना पुरतात, 64 ला सकाळी आठ वाजता रांग लागते. लोकलमध्ये आज बसायला मिळतं. उपनगर वाढलं की आधी बसायची जागा जाते, मग आत शिरायची.

शाळा. नकाशावर शाळेसाठी दोन भूखंड राखीव होते. राखीव भूखंड आणि शाळा यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात: जागेचा ताबा, मंजूर निधी, निविदा, कामाचा आदेश, बांधकाम, मान्यता, शिक्षक. दोन्ही भूखंड अजून पहिल्याच पायरीवर होते. काम प्रत्यक्ष सुरू झालेलं नसेल तर ती सोय हिशेबात शून्य धरायची, असा नियम कुटुंबाने केला. चालू असलेल्या एकमेव शाळेत पहिलीच्या वर्गात 52 मुलं होती, आठवीत 31. नव्या उपनगरांत हे नेहमीचं आहे. सगळी तरुण जोडपी एकाच वेळी येतात, त्यामुळे मुलंही एकाच वयाची असतात. आधी प्राथमिकचे वर्ग फुगतात, सहा-सात वर्षांनी तोच फुगवटा माध्यमिकमध्ये पोहोचतो. मुलगा नेमका त्या फुगवट्यात सापडणार होता. मुलगी त्याच्या थोडी पुढे होती.

पावसाचं पाणी. नवा भाग आजूबाजूपेक्षा खोलगट. कुंपणाच्या भिंतीवर जमिनीपासून दीड वीत उंचीला मातकट रेघ होती, रंग ताजा असूनही खालून उमटलेली. वीजमीटरची खोली जमिनीलगत. गवताच्या मोकळ्या जमिनीवर पडलेल्या पावसातलं फार तर तिसरा हिस्सा पाणी वाहून जातं. डांबर आणि काँक्रीट झालं की 70 ते 95 टक्के. वरच्या अंगाचे सगळे प्लॉट अजून बांधायचे होते, म्हणजे आजची रेघ कमाल पातळीची नव्हे. त्यात रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडतो आणि इमारतीचं आवार रस्त्यापेक्षा खाली जातं.

दवाखाना. चोवीस तास हृदयविकाराचे उपचार देणारं रुग्णालय गर्दीच्या वेळी नव्या भागापासून 50 मिनिटांवर, स्टेशनजवळच्या वस्तीपासून 25. हृदय अचानक थांबलं आणि छातीवर दाब किंवा विजेचा धक्का मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते, म्हणून रुग्णालयाच्या अंतराइतकंच घरातल्या माणसांना प्रथमोपचार येणं महत्त्वाचं. दोघांनी ते प्रशिक्षण घेतलं. घर कुठेही घेतलं तरी ते उपयोगी पडणारच होतं.

आणि आजी. त्यांना शेवटी विचारलं गेलं, तेही घर जवळपास ठरत आल्यावर. त्या म्हणाल्या, "इथे मला औषधाचं दुकान, देऊळ, भाजी, सगळं पायी आहे. तिथे दरवेळी तुमच्यापैकी कुणीतरी येईपर्यंत थांबायचं." पत्नी म्हणाली, "आई, हे आधी का नाही बोललात?" त्यांचं उत्तर होतं, "कुणी विचारलं होतं?"

समोरचे पर्याय

चार होते. पहिला, शहरातच वाढीव भाडं देऊन राहणं आणि बचत करत जाणं. पैशाच्या दृष्टीने हा वाटतो तितका वाईट नव्हता, पण दोन खोल्यांत पाच माणसं हा प्रश्न तसाच राहत होता. दुसरा, नव्या भागातलं मोठं घर, खर्च 50. तिसरा, उपनगरात आधी वर्षभर भाड्याने राहून पाहणं: भाडं 16, प्रवास 12, एकूण 28, म्हणजे आताच्या 33 पेक्षाही कमी. चौथा, स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत वापरलेलं घर. तिथे चौरस फुटाचा दर नव्या भागापेक्षा 15 टक्के जास्त, पण घर आताच्या 1.25 पटच मोठं. त्यामुळे हप्ता 26, देखभाल 3, कर आणि विमा 1, प्रवास 12, एकूण 42.

चौथ्या पर्यायाकडे आधी कुणाचं लक्षच नव्हतं. जुन्या इमारतीची जाहिरात कुणी करत नाही. तिचा एक मोठा गुण मात्र जाहिरातीत मावणारा नसतो: ती वीस वर्षांपूर्वीच भरली आहे. आज नळाला जे पाणी येतं ते सगळी घरं भरलेली असतानाचं पाणी.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला, चौथ्यावर नजर ठेवून. स्टेशनपासून नऊ मिनिटं चालत अंतरावर तिसऱ्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं. घर आणि प्रवासाच्या खर्चात वाचणारे 5 भाग दरमहा वेगळ्या खात्यात जायचे. एक वही केली. तिच्यात रोज तीनच नोंदी: दारापासून दारापर्यंतची मिनिटं, पाणी किती वाजता आलं आणि गेलं, वीज किती वेळ नव्हती.

पतीने गाडी सोडून रेल्वे धरली. नऊ मिनिटं चालणं, सरासरी सात मिनिटं वाट पाहणं, 41 मिनिटं लोकलमध्ये, शेवटी 12 मिनिटं चालणं: 69 मिनिटं. गाडीने 88 लागत होती, हा फरक 19 मिनिटांचाच दिसतो. खरा फरक वाईट दिवसांत होता. वर्षभरात लोकल रद्द झाल्याचे मोजके दिवस सोडले तर 90 च्या पुढे आकडा गेला नाही. नव्या भागातून स्टेशनला यायचं तर बस दर 20 मिनिटांनी आणि रस्त्याला 18 ते 40 मिनिटं, म्हणजे रेल्वे असूनही तिचा फायदा हातात येत नव्हता. चौथ्या महिन्यात पतीने पाळी एक तास पुढे सरकवून घेतली. हे आधीच मागता आलं असतं. वहीतले आकडे दाखवल्यावर वरिष्ठांनी लगेच मान्य केलं.

मुलीची शाळा मात्र चुकली. भाड्याचं घर हाताशी आलं म्हणून वर्ष संपायला चार महिने असताना हलवलं. जुनी शाळा सोडायची नाही म्हणून ती रोज 50 मिनिटं बसने जायची. दोन महिन्यांत तिचं वजन घटलं आणि ती बसमध्ये झोपू लागली. मग आठवड्यातले तीन दिवस ती शहरात आत्याकडे राहिली.

पावसाळ्यात नव्या भागाचा रस्ता दोन दिवस बंद राहिला. ज्या इमारतीत बादली भरून पाहिली होती तिची मीटरची खोली पाण्यात गेली आणि 31 तास वीज नव्हती. जुन्या वस्तीत गल्लीत घोटाभर पाणी आलं आणि दोन तासांत ओसरलं. ही नोंद वहीत पत्नीने लाल शाईने केली आहे.

आजींचे पहिले दोन महिने जड गेले. इमारतीची लिफ्ट बंद पडली की त्या अडकायच्या. नंतर समोरच्या बागेत सकाळी जाणाऱ्या बायकांचा गट मिळाला. तेव्हा घर विकत घेताना एक अट वाढली: पहिला मजला किंवा तळमजला.

निष्पत्ती

चौदा महिन्यांनी त्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर वापरलेलं घर घेतलं. जुनं घर घेताना तपासायच्या गोष्टी वेगळ्या असतात. भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या तीन वर्षांच्या हिशेबातली दुरुस्ती निधीची शिल्लक, थकबाकी नसल्याचा दाखला, कर्जाचा बोजा नसल्याची खात्री, आणि इमारतीच्या सांगाड्याची अभियंत्याकडून तपासणी. तपासणीत दोन खांबांचं प्लास्टर फुगलेलं आणि आतली सळई गंजलेली निघाली. दुरुस्तीचा अंदाज किमतीच्या दीड टक्का. तेवढी रक्कम घासाघीस करून किमतीतून कमी करून घेतली.

आज घर आणि प्रवास मिळून खर्च 42 आहे. जुन्या 33 पेक्षा तो 9 ने जास्त आहे, आणि ते 9 भाग कुठून येतात हे दोघांना ठाऊक आहे: सुट्टीतला एक प्रवास आणि दुसरी गाडी, दोन्ही गेलं. त्या चौदा महिन्यांत नव्या भागाचे दर 6 टक्क्यांनी वाढले आणि जुन्या वस्तीचे 4 टक्क्यांनी. थांबल्याची किंमत म्हणजे हे 4 टक्के.

काय वेगळं करता आलं असतं

आजींना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. घरात दिवसाचे सर्वांत जास्त तास जो काढतो, त्याला विचारायची पाळी सर्वांत शेवटी आली. पायी काय काय करता येतं, ही यादी त्यांनीच अचूक दिली असती.

घर हलवायची तारीख शाळेच्या वर्षाला बांधायला हवी होती. चार महिन्यांचं जुनं भाडं जास्त गेलं असतं, पण मुलीच्या तब्येतीपुढे ती रक्कम किरकोळ होती.

प्रयोगातही एक उणीव राहिली. भाड्याने राहिले जुन्या वस्तीत, त्यामुळे नव्या भागाचा अनुभव वहीत फक्त बाहेरून आला. ज्या भागात घर घ्यायचा विचार आहे त्याच भागात निदान एक पावसाळा काढला असता तर तुलना पक्की झाली असती. इथे पूर आणि रस्ताबंदी इतकी उघड होती की निभावलं.

राहिली पत्नीची नोकरी. तपासणीच्या काळात तिला आठवड्यातून तीनच दिवस कार्यालयात जावं लागत होतं, म्हणून सहा सकाळी वेळ घेतला तो फक्त पतीच्या रस्त्याचा. घर घेतल्यावर आठ महिन्यांनी तिला बढती देऊ केली गेली. पाचही दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका वेळी 1 तास 50 मिनिटं. तिने ती नाकारली. तो प्रवास वहीत कुठेच नव्हता.